बाटली लालच राहिली

काकूंच्या खोलीला प्रयोगशाळेत सगळे स्वयंपाकघर म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. चौथ्या मजल्यावरच्या त्या अरुंद खोलीत वजनकाटा होता, ढवळायचं यंत्र होतं, गाळण्या होत्या, शुद्ध पाण्याचं पिंप होतं आणि फळीवर पांढऱ्या भुकट्यांच्या बरण्या ओळीने मांडलेल्या होत्या. जेवणारी मंडळी तेवढी जरा निराळी. ती पलीकडच्या खोलीत, सदतीस अंशांच्या उबदार कपाटात, प्लास्टिकच्या चपट्या बाटल्यांच्या तळाला चिकटून राहायची. कॅन्सरच्या पेशी. कुणा माणसाच्या अंगातून काढलेल्या. तो माणूस आता असो वा नसो, या आपल्या वाढतच बसलेल्या.

सव्वीस वर्षं काकू त्यांना जेवू घालत होत्या. त्या जेवणाला मीडियम म्हणत. क्षार, जीवनसत्त्वं, साखर, आणि चिमूटभर रंग. ताजं असलं की ते सरबतासारखं लाल दिसे, आणि दोन-तीन दिवसांत पेशींनी त्यात घाण केली की पिवळं पडे. पिवळं झालं की बदला, एवढा एकच नियम काकूंना पहिल्या दिवशी सांगितला होता, आणि त्यांनी तो इतक्या निष्ठेने पाळला की सुट्टीवरून परत येताना त्या घरी जायच्या आधी कपाटात डोकावत. घरच्या माणसांची एवढी चौकशी केली असती तर, असं काका म्हणत. पण काका काहीही म्हणत.

काकूंना एका गोष्टीचा भारी अभिमान होता. फळीवरच्या बरण्या त्या झाकणांच्या रंगावरून ओळखत. निळं झाकण म्हणजे ग्लुकोज, हिरवं म्हणजे गॅलॅक्टोज, पिवळं म्हणजे मीठ. बरण्यांवर लेबलं होती म्हणा, पण रोज स्पिरिटने पुसून पुसून त्यांच्यावरची अक्षरं केव्हाच उडून गेली होती, आणि नवी चिकटवायचं काम काकू गेली सहा वर्षं 'या आठवड्यात करते' असं म्हणत होत्या. नव्या लोकांना त्या ऐकवत, "डोळे मिटून उचलीन, चुकायची नाही."

चार वर्षांपूर्वी तिथे एक मुलगी संशोधनाला आली. तिला काहीही सांगितलं की ती आधी विचारायची, "कशावरून?" महिन्याभरात तिचं नावच ते पडलं. प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी सांगितलेलं सगळे मान डोलावून ऐकत, ही तेवढी कशावरून म्हणायची. पहिल्याच आठवड्यात ती स्वयंपाकघरात आली आणि मीडियम पिवळं का पडतं म्हणून विचारू लागली. काकू म्हणाल्या, शिळं होतं म्हणून. तर ती चक्क स्टूल ओढून बसली आणि कागदावर चित्र काढून समजावू लागली.

प्रत्येक पेशीत म्हणे साखर जाळायच्या दोन जागा असतात. एक साधी चूल: साखर अर्धीकच्ची जळते, चटकन पेटते, पण थोडीच ऊब देते आणि आंबट कचरा बाहेर टाकते. दुसरी आतली भट्टी: तिथे साखर पूर्ण जळते आणि कितीतरी पटीने जास्त ऊब मिळते. शहाणी पेशी भट्टी वापरते. कॅन्सरची पेशी मात्र अधाशी. तिला वाढायची घाई. ती भसाभस साखर खाते, बरीचशी चुलीवरच अर्धवट जाळते आणि आंबट कचरा बाहेर ओतते. त्या आंबटपणाने रंग पिवळा होतो. आणखी एक गोष्ट तिने सांगितली. पेशीने मरायचं ठरवलं, तर तो हुकूम पुष्कळदा त्या भट्टीतूनच सुटतो. जी जागा जगवते तीच मारतेही.

काकू त्या दिवशी घरी गेल्या त्या वेगळ्याच तंद्रीत. बावीस वर्षं पिवळं पाणी ओतून देत होत्या, आणि ते पिवळं का, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनीही विचारलं नव्हतं म्हणा. पण भांडी धुणाऱ्या, भुकट्या मोजणाऱ्या बाईला हे समजेल, समजलं पाहिजे, असं त्या पोरीला वाटलं, याचंच काकूंना अप्रूप. काकांना त्यांनी रात्रीच्या जेवणात चूल आणि भट्टी दोन्ही समजावून सांगितली. काका म्हणाले, एवढं कळतंय तर भाजी का करपली.

मुलीचं काम एका औषधावर होतं. ते पेशीतली भट्टी बंद पाडायचं. भट्टी बंद पडली की पेशी मरायला हवी, असा तिचा अंदाज. अंदाज चांगला होता, पण पेशींना त्याची काही पडली नव्हती. चार वर्षं तिने मात्रा बदलून पाहिल्या, वेळा बदलून पाहिल्या, पेशी बदलून पाहिल्या. औषध पिऊन त्या ढिम्म हलत नसत. उलट मीडियम आणखी लवकर पिवळं करत. शेवटी सरांनी तिला बोलावून सांगितलं की महिनाअखेरपर्यंत पाहू, नाही तर हे काम बंद. काम बंद म्हणजे तिची जागाही बंद. ती बाहेर आली तेव्हा तिने कशावरून म्हटलं नव्हतं, आणि सगळ्यांना त्याचीच जास्त काळजी वाटली.

शेवटच्या प्रयोगासाठी तिने काकूंकडे दहा बाटल्या मीडियम मागितलं. काकूंनी डोळ्यांत तेल घालून ते केलं. वजन तीनदा पाहिलं, दोनदा गाळलं.

आणि पेशी मेल्या.

शुक्रवारी मोजणी झाली. औषध घातलेल्या प्लेटमध्ये शंभरातल्या सहासुद्धा जिवंत नव्हत्या. औषध न घातलेल्या शेजारच्या प्लेटमध्ये मात्र त्या होत्या, जरा सावकाश वाढल्या होत्या इतकंच. सरांना साधारण 'हं' एवढंच बोलायची सवय. आनंदाचा हं, रागाचा हं आणि न ऐकल्याचा हं, हे ओळखायला लोकांना वर्ष लागे. त्या दिवशी ते चक्क पूर्ण वाक्य बोलले आणि संध्याकाळच्या आत मुलीच्या हातात दोन वर्षांच्या मुदतवाढीचं पत्र पडलं. मुलगी पत्र घेऊन सरळ स्वयंपाकघरात आली. काकूंचा जीव भांड्यात पडला. आपल्या पोटच्या पोरीचं काम झालं असतं तर याहून जास्त आनंद झाला नसता, असं त्यांना अगदी खरंच वाटलं.

शनिवारी सकाळी अर्धा दिवस काम असे. प्रयोगशाळेत कुणी नव्हतं. काकू जुन्या बाटल्या टाकायला काढत होत्या. मुलीच्या राखीव, औषध न घातलेल्या पेशींची एक बाटली मागे राहून गेली होती. शेवटच्या प्रयोगाच्याच मीडियमवर पाच दिवस, कुणी बदललं नव्हतं. काकूंनी ती उजेडात धरली.

बाटली लाल होती.

काकूंना आधी वाटलं, मेल्या असतील बिचाऱ्या. मायक्रोस्कोपखाली धरून पाहिलं, तर तळ गच्च भरलेला, सगळ्या धडधाकट. जिवंत आहेत, जेवतायत आणि पाच दिवसांत आंबट कचरा नाही. चार वर्षांपूर्वीच्या काकू असत्या तर म्हणाल्या असत्या, चला, एक दिवस बदलायचं वाचलं. पण आता त्यांना माहीत होतं की रंग कशाने बदलतो. लाल म्हणजे चूल पेटलेलीच नाही. लाल म्हणजे या पेशी पाच दिवस भट्टीवर जगल्यात. असं त्या अधाशी कारट्या आपण होऊन करणार नाहीत. चुलीत घालायला साखर मिळाली नसेल, तरच करतील.

त्या फळीपाशी गेल्या. त्या दहा बाटल्या करायच्या आदल्याच दिवशी आपण सगळी झाकणं काढून गरम पाण्यात धुतली होती, हे त्यांना लख्ख आठवलं. परत लावताना कोणतं कुठे लावलं, हे मात्र आठवेना. खणात ग्लुकोज तपासायच्या पट्ट्या होत्या. ग्लुकोज असलं की पट्टी गडद होते, दुसऱ्या साखरेला ती दाद देत नाही. काकूंनी निळ्या झाकणाच्या बरणीतली चिमूट पाण्यात विरघळवून पट्टी बुडवली. पट्टी होती तशीच. हिरव्या झाकणाच्या बरणीतली चिमूट घेतली. पट्टी काळपट झाली.

त्या स्टुलावर बसून राहिल्या. गॅलॅक्टोज ही नावाचीच साखर. चुलीवर ती इतकी हळू पेटते की पेशीला त्यावर भागवताच येत नाही, हेही त्या पोरीनेच कधीतरी सांगितलं होतं. मीडियममध्ये ती गेली होती. म्हणजे औषध अचानक गुणी झालेलं नव्हतं. काकूंनी पेशींचं नेहमीचं जेवण हिरावून घेतलं होतं. आणि पत्र मिळालं होतं ते या घोटाळ्यावर.

गप्प बसायला काही लागत नव्हतं. झाकणं अदलाबदल करायची, बाटली ओतून द्यायची, पट्ट्या कचऱ्यात. काकूंना निवृत्तीला दोन महिने उरले होते. मुलीची दोन वर्षं पक्की झाली होती. सर खूश होते. सांगितलं तर मुलीच्या हातचं पत्र जाणार, आणि सव्वीस वर्षांत न चुकलेली बाई जाता जाता सगळ्यांच्या कष्टांवर पाणी ओतून जाणार. काकूंनी बाटली कपाटात परत ठेवली, ओतली नाही, आणि घरी आल्या.

रविवारी सकाळी काका गॅलरीत पंख्याचं यंत्र उघडून बसले होते. आयुष्य कारखान्यात लेथवर गेल्यामुळे त्यांना घरातलं काहीही चालू स्थितीत पाहवत नसे. अकरा वर्षांपूर्वी त्यांच्या गळ्यात गाठ आली होती. आठ महिने सलाईनमधून औषधं चालली, केस गेले, वजन गेलं, विनोद तेवढे गेले नाहीत. ते बरे झाले. काकूंनी त्यांना सगळं सांगितलं आणि विचारलं, सांगू की नको.

काकांनी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

"मला सलाईन लावायचे ना, तेव्हा मी काय वाचायचो माहितीये? बाटलीवरचं लेबल. आठ महिने तेच. ते लेबल कुणी चिकटवलं, मला ठाऊक नाही. बाई होती का माणूस, तेही नाही. पण बाटलीत जे होतं तेच त्यानं वर लिहिलं होतं. म्हणून मी इथे बसून तुझा पंखा बिघडवतोय."

काकूंनी जमिनीवर घरंगळलेला एक स्क्रू उचलून त्यांच्यापुढे ठेवला.

"सांगून टाक," काका म्हणाले. "फार तर काय, दोन महिने आधी घरी पाठवतील. त्रास मला होणार आहे."

सोमवारी काकू नेहमीपेक्षा लवकर गेल्या. मुलगी आलीच होती. काकूंनी तिच्या टेबलावर कागद ठेवला, कागदावर दोन पट्ट्या, शेजारी ती बाटली. म्हणाल्या, "त्या मीडियममध्ये ग्लुकोज नव्हतं. मी गॅलॅक्टोज घातलं. झाकणं बदलली गेली होती. चूक माझी आहे."

"कशावरून?" मुलगी म्हणाली. सवयीनेच.

"पाच दिवस झाले, बाटली लालच राहिली."

मुलीने बाटली पाहिली, पट्ट्या पाहिल्या. तिचा चेहरा उतरला तो काकूंना बघवेना. तिने खणातून पत्र काढलं आणि ती सरांच्या खोलीत गेली. दार बंद झालं. काकू स्वयंपाकघरात जाऊन धुतलेली भांडी पुन्हा धुवत बसल्या. अर्ध्या तासाने मुलगी बाहेर आली आणि काकूंकडे न बघता जिना उतरून गेली. पत्र तिच्या हातात नव्हतं. काकूंनी त्या दिवशी सगळ्या बरण्यांना नवी लेबलं लावली आणि रंगीत झाकणं काढून टाकली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना त्या खोलीत परकं वाटलं.

मंगळवारी आठ वाजता काकू किल्ली घेऊन आल्या तर मुलगी स्वयंपाकघराच्या दाराशी जमिनीवर बसलेली. डोळे सुजलेले, मांडीवर वही. काकूंना वाटलं, आता ऐकून घ्यायचं. ऐकून घेणं आपल्याला भागच आहे.

"काकू, तीच चूक पुन्हा करता येईल?"

काकूंना कळेना.

मुलगी भराभर बोलू लागली. चार वर्षं औषध भट्टी बंद करत होतं, आणि पेशी म्हणत होत्या, करा बंद, आमची चूल आहे. त्यांना चुलीवर पोसत होतो आपणच, मीडियममध्ये ग्लुकोज ओतून ओतून. तुम्ही चूल विझवलीत, तेव्हा कुठे औषध लागू पडलं. औषध चुकीचं नव्हतं, मीच त्याला चुकीच्या घरात पाठवत होते. पुस्तकात ही दोन साखरांची तपासणी दिलेली आहे, मी वाचलेलीसुद्धा आहे, आणि मला ती करायचं सुचलं नाही. हे सगळं खरं असेल, तर मुद्दाम केल्यावरही तसंच घडलं पाहिजे. न घडलं तर नाही.

"सर काय म्हणाले?"

"हं म्हणाले. कुठला हं ते कळलं नाही. पण आठ दिवस दिलेत."

मग तिने जे मागितलं, ते काकू कधी विसरल्या नाहीत. चार बाटल्या करायच्या होत्या: ग्लुकोजची औषधासकट आणि औषधाशिवाय, गॅलॅक्टोजची औषधासकट आणि औषधाशिवाय. बाटल्यांवर नुसते आकडे घालायचे, एक ते चार, आणि मोजणीआधी रंगावरून ओळखू येऊ नये म्हणून काकूंनीच चारींतलं मीडियम काढून एकसारखं ताजं घालायचं. कोणत्या आकड्यात काय, ते काकूंनी एका कागदावर लिहायचं आणि पाकिटात घालून आपल्यापाशी ठेवायचं. मोजणी होईपर्यंत मुलीलाही सांगायचं नाही, सरांनाही नाही. "मला काय हवंय ते माझ्या डोळ्यांना माहीत आहे," मुलगी म्हणाली. "ते मोजताना लबाडी करतील. खरं काय ते फक्त तुम्हाला माहीत असू दे."

काल ज्या बाईच्या हातून चार वर्षांच्या कामाचा विचका झाला, तिच्याच हाती आज सगळी भिस्त. काकूंना त्याक्षणी रडू आलं असतं, पण वजनकाट्यापाशी रडता येत नाही, आकडा हलतो.

आठ दिवस ते पाकीट काकूंच्या पर्समध्ये होतं. काकांनी ते दोनदा मागितलं. दोनदाही मिळालं नाही.

पुढच्या बुधवारी मुलगी मोजायला बसली. सर मागे उभे होते, हात पाठीशी. एक नंबर, जिवंत. दोन नंबर, जिवंत. तीन नंबरला ती थांबली, पुन्हा मोजलं, पुन्हा थांबली आणि आकडा सांगितला: शंभरात चार. चार नंबर, जिवंत. मग सगळ्यांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी पाकीट फाडलं. कागद सरांनी धरला आणि काकूंनी वाचला. तीन नंबर, गॅलॅक्टोज, औषधासकट.

मुलीने खुर्ची सोडली आणि काकूंना मायक्रोस्कोपपाशी बसवलं. काकूंनी सव्वीस वर्षं या पेशी पाहिल्या होत्या, पण त्या नीट वाढतायत ना एवढंच बघायला. आता त्या आकसल्या होत्या, कडांना बारीक बुडबुड्यांसारख्या फुगल्या होत्या, तळ सोडून गोल होऊन तरंगत होत्या. काही फुटलं नव्हतं, सांडलं नव्हतं. आवराआवर करून निघाल्यासारख्या गेल्या होत्या. काकूंना क्षणभर वाईटही वाटलं, इतक्या वर्षांची सवय. मग त्यांना काकांच्या गळ्यातली ती गाठ आठवली, बोराएवढी, मग लिंबाएवढी, मग परत बोराएवढी आणि मग बोटाला न लागणारी. तीही अशीच गेली असेल. कुणीतरी कुठेतरी आधी अशा बाटल्या उजेडात धरून पाहिल्या असतील. त्या माणसांना काकूंनी मनातल्या मनात नमस्कार केला, डोळे मायक्रोस्कोपवरून न काढता.

सर म्हणाले, माणसाच्या रक्तातली साखर काही बदलता येत नाही, तेव्हा उद्या उठून हे औषध कुणाला द्यायचं नाही. पण चूल विझवणारं दुसरं एखादं औषध याच्या जोडीला शोधता येईल, आणि त्याला दोन वर्षं तरी लागतील. एवढं सगळं बोलून दमल्यासारखे ते खोलीत गेले आणि पत्र घेऊन परत आले. तारीख त्यांनी नवी घातली होती.

मुलीने पत्र घेतलं, वाचलं, टेबलावर ठेवलं आणि काकूंचे दोन्ही हात धरले. "तुम्ही गप्प बसला असतात ना काकू, तर मी जन्मभर खोट्या गोष्टीवर खूश राहिले असते. आणि मला कळलंही नसतं."

"तू मला रंगाचं सांगितलं नसतंस, तर मलाही कळलं नसतं," काकू म्हणाल्या. "बावीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं गं."

काकू बाहेर व्हरांड्यात आल्या आणि त्यांनी घरी फोन लावला. काकांना त्या एवढंच म्हणाल्या, की तीन नंबरच्या सगळ्या मेल्या, आणि त्या गॅलॅक्टोजच्याच होत्या.

पलीकडून आवाज नाही. काकूंना वाटलं, फोन कटला.

"अहो?"

"आहे," काका म्हणाले. विनोदाची वाट पाहण्यात काकूंचा आणखी थोडा वेळ गेला. "मी बरा झालो तेव्हा डॉक्टरांचे आभार मानले, सिस्टरांचे मानले. पण ते औषध ज्यांनी आधी असं करून बघितलं, त्यांचे राहिले. कोण, कुठले, काही पत्ताच नव्हता. आहे का ती पोरगी तिथे? दे तिला फोन."

काकूंनी आत जाऊन फोन मुलीच्या हातात दिला. काका काय बोलले ते त्यांना ऐकू आलं नाही, आणि त्यांनी नंतर विचारलंही नाही. मुलीने एकदाही मध्ये काही विचारलं नाही. ती हो काका, हो काका म्हणत होती, आणि तिचा दुसरा हात काकूंच्या हातात होता.